उसना श्वास

भुईनळा जळताना केवळ भोवतालच्या हवेवर विसंबून नसतो. त्याला लागणारा प्राणवायू त्याच्या पोटातल्या सोऱ्यासारख्या क्षारातच साठवलेला असतो. माणसाने हीच युक्ती पुढे इंजिनावर केली, आणि तिच्यासाठी जो वायू निवडला त्याचे चरित्र एखाद्या कादंबरीला शोभेल असे आहे. मी शाळेत भाषा शिकवणारा माणूस. पण ही हकीकत सांगू लागलो की मागच्या बाकावरची मुलेही कान टवकारतात.

हा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने तो १७७२ मध्ये शोधला. १७९९ मध्ये ब्रिस्टल येथे हंफ्री डेव्ही या विशीतल्या तरुणाने तो छातीत भरून घेतला, आणि त्याला हसू आवरेना! शस्त्रक्रियेतील वेदना त्याने शमवता येतील, असे डेव्हीने १८०० मध्ये लिहूनही ठेवले. परंतु १८४४ मध्ये अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने या वायूच्या गुंगीत स्वतःचाच दात उपटून घेतला, तेव्हा कुठे वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले.

त्याचा दुसरा जन्म झाला दुसऱ्या महायुद्धात. फार उंचीवर हवा विरळ होते. तेथे माणसाप्रमाणे इंजिनालाही धाप लागते. जर्मनांनी आपल्या काही विमानांत या वायूच्या टाक्या बसविल्या आणि त्या योजनेला 'जीएम-१' असे नाव दिले. १९४४ मध्ये इंग्रजांनीही काही मॉस्किटो विमानांत तोच उपाय योजला. युद्धानंतर ही विद्या मोटारींच्या शर्यतीत उतरली. अमेरिकेतील पाव मैलाच्या सरळ शर्यतींत तर ती चांगलीच रुजली.

वाचकहो, गंमत अशी की हा वायू स्वतः जळत नाही. इंजिनाच्या धगीत तो फुटतो आणि प्राणवायू मोकळा करतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, तर यात ३६ टक्के. शिवाय बाटलीतला द्रव वाफ होताना आत जाणारी हवा गार करतो, आणि गार हवा अधिक दाट असते.

मात्र श्वास वाढला की अन्नही वाढवावे लागते. म्हणून दोन जेट असतात : एकातून वायू, दुसऱ्यातून जादा पेट्रोल. पेट्रोल कमी पडले, तर भलत्या उष्णतेने ॲल्युमिनियमचा पिस्टन क्षणात वितळतो. ज्वलन वेगाने होते, म्हणून ठिणगी नेहमीपेक्षा थोडी उशिरा पाडावी लागते. बाटली उन्हात तापली की दाब चढतो आणि जमवलेले माप पुन्हा बिघडते.

म्हणून जाणता कारागीर सर्वांत बारीक जेटपासून आरंभ करतो. एक धाव झाली की प्लग काढून भिंगाखाली धरतो. त्यावर ॲल्युमिनियमचे चकाकते कण दिसले, तर मोठ्या जेटचा मोह तेथेच सोडतो. शक्ती उसनी आणता येते. प्रमाण मात्र ज्याचे त्यानेच राखायचे असते.