माकडताप आणि उत्तरेचे पाहुणे

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागली. आसपासच्या गावांतील माणसेही तापाने फणफणली. प्रथम शंका आली ती पीतज्वराची. पण पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञांना आढळला तो नवाच विषाणू. तो गोचिडींमार्फत पसरत होता आणि त्याचे नाते रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंशी जुळत होते.

मग सैबेरियाचा हा भाऊबंद सह्याद्रीत आला कसा? संशय गेला स्थलांतरित पक्ष्यांवर. हिवाळ्यात ते उत्तरेकडून येतात, त्यांच्या अंगावर गोचिडी असू शकतात. शिवाय माणसांना लागण होते ती मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात. म्हणजे बराच काळ हे पाहुणे इथेच असतात!

तर्क सुबक होता, पण तो तपासायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्षी जाळ्यात पकडले, पायांत कडी अडकवून सोडले, अंगावरच्या गोचिडी गोळा केल्या. पक्ष्यांच्या वाटांविषयी यातून मोलाची माहिती मिळाली. हा विषाणू त्यांनी आणल्याचा निर्णायक पुरावा मात्र मिळाला नाही. पुढे सौदी अरेबियात १९९० च्या दशकात सापडलेला अल्खुर्मा विषाणू याचा अधिक जवळचा नातेवाईक ठरला.

मग डिसेंबर ते मे हाच काळ का? कारण जंगलातील स्थानिक गोचिडींची पिले याच कोरड्या महिन्यांत विपुल असतात आणि माणसे सरपणासाठी, पाचोळ्यासाठी रानात शिरतात. जंगल तोडून गुरे चरू लागली की पूर्ण वाढलेल्या गोचिडींना रक्ताचा भरपूर पुरवठा होतो.

म्हणून पक्षी निर्दोष असतात असे नव्हे. आफ्रिकेतून युरोपात जाणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर क्रायमियन-काँगो ज्वर पसरवणाऱ्या जातीच्या गोचिडी सापडल्या आहेत. पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गातही पोहोचला. तेव्हा आकाशाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या पायाखालचा पाचोळा, गुरांचे चराऊ रान आणि मरून पडलेले माकड यांकडे पाहायला हवे. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, एवढे तर आपल्या शाळेतील मुलेही करू शकतील.