दोन तारा आणि वाटणीचा प्रश्न

मागच्या वेळी आपण इथरनेटचा हब मागे पडून स्विच कसा आला, तिथपर्यंत पोचलो होतो. आज त्याच्या पुढची गोष्ट. दोन स्विचमध्ये एक तार पुरेना, म्हणून दोन टाकल्या, चार टाकल्या. मग कुठला डेटा कुठल्या तारेनं पाठवायचा, हे ठरवायचं कसं?

आधी एक अडचण लक्षात घेऊ. दोन स्विचमध्ये नुसत्या दोन तारा जोडल्या, तर नेटवर्कमध्ये फेरा तयार होतो आणि त्यात फ्रेम गोलगोल फिरत राहतात. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री काढून हा फेरा तोडला, पण तोडायचा म्हणजे एक तार बंद ठेवायची. म्हणजे दुसरी तार असून उपयोग नाही. पहिली तुटली तरच तिला काम. दोन्ही वापरायच्या असतील, तर दोन तारा म्हणजे एकच लिंक आहे, अशी स्विचची समजूत करून द्यावी लागते.

हे काम सुरुवातीला केलं ते कल्पना नावाच्या कंपनीनं. हो, आपलीच कल्पना! विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी १९८७ मध्ये ही कंपनी सिलिकॉन व्हॅलीत काढली आणि तिला नाव दिलं भारद्वाजांच्या पत्नीचं. १९९० मध्ये त्यांचा सात पोर्टचा इथरस्विच आला. तेव्हा इथरनेटचा वेग १० मेगाबिट. १०० मेगाबिटचं फास्ट इथरनेट प्रमाणित व्हायला १९९५ उजाडलं. मधल्या काळात वेग हवा असेल, तर तारा एकत्र बांधण्याला पर्याय फारसा नव्हता. त्यातूनच इथरचॅनेल निघालं. १९९४ मध्ये सिस्कोनं कल्पना विकत घेतली आणि हे नाव सिस्कोचंच होऊन बसलं.

आता वाटणी. पहिली फ्रेम पहिल्या तारेनं, दुसरी दुसऱ्या, तिसरी पुन्हा पहिल्या. पत्ते वाटतो तसं. सगळ्यात समान वाटणी हीच. मग हे का नाही केलं? कारण फ्रेमची लांबी सारखी नसते. मोठी फ्रेम एका तारेवर जात असताना मागून निघालेली छोटी फ्रेम दुसऱ्या तारेनं आधी पोचते. इथरनेटच्या फ्रेमवर क्रमांक नसतो, त्यामुळे पलीकडच्या स्विचला क्रम लावता येत नाही. आणि टीसीपीला क्रम बिघडलेला दिसला, एकाच जागेच्या तीन पुन्हा-पुन्हा पोचपावत्या आल्या, की तो समजतो पाकीट हरवलं. तो ते पुन्हा पाठवतो आणि स्वतःचा वेग निम्म्यावर आणतो. म्हणजे वाटणी समान, पण काम मंद.

दुसरा रस्ता होता. आयएसडीएनच्या ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या जोडणाऱ्या मल्टिलिंक पीपीपीनं १९९४ मध्ये तो घेतला: तुकड्यांवर क्रमांक घाला, पलीकडे जुळवून घ्या. कमी वेगाला हे जमलं. इथरनेट स्विचमध्ये मात्र फ्रेम साठवून, जुळवून पुढे पाठवायला ना मेमरी होती ना वेळ.

म्हणून इथरनेटनं तडजोड केली, आणि आमच्या मते आजच्या विषयाचं मूळ इथेच आहे. एका संभाषणाच्या सगळ्या फ्रेम एकाच तारेनं. तार निवडायची पत्त्यांवरून. समजा दोनच तारा आहेत: पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पत्त्याचे शेवटचे आकडे दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तर पहिली, एक सम आणि एक विषम असेल तर दुसरी. याला हॅश म्हणायचं. तारेवर गर्दी किती, हे तो बघतच नाही.

त्याचे परिणाम आम्ही स्वतः भोगलेत. एका कार्यालयात रात्रीचा बॅकअप संपत नव्हता, म्हणून एक गिगाबिटची दुसरी तार टाकली. बॅकअपला वेळ लागला तेवढाच! आम्ही तार बदलली, पोर्ट बदलला, कनेक्टरवर संशय घेतला. बिघाड कुठेच नव्हता. एक सर्व्हर, एक स्टोरेज, एक पत्त्यांची जोडी, म्हणून एकच तार. दुसरी रात्रभर जवळजवळ रिकामी. ज्यांनी दुसऱ्या तारेचे पैसे मंजूर केले होते, त्यांना हे समजावणं सर्वांत अवघड गेलं.

आणखी एक गंमत. सिस्कोच्या अनेक स्विचमध्ये हॅशचं उत्तर ० ते ७ असं यायचं, म्हणजे आठ खाने. तारा दोन, चार किंवा आठ असतील तर ठीक. तीन असल्या तर वाटणी ३, ३, २.

२००० मध्ये आयईईईनं ८०२.३एडी हे प्रमाणक काढलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांशी बोलून लिंक बांधतील, याची सोय त्यात झाली. पण वाटणी कुठल्या सूत्रानं करायची, ते त्यात ठरवलंच नाही! अट एवढीच, की संभाषणातल्या फ्रेमचा क्रम बिघडू नये आणि एकच फ्रेम दोनदा जाऊ नये. एखादं संभाषण दुसऱ्या तारेवर हलवायचं असेल, तर आधी जुन्या तारेवर खुणेची फ्रेम पाठवायची, तिचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर आलं म्हणजे वाट रिकामी झाली.

हीच युक्ती पुढे वेगळ्या रूपात परत आली. एमआयटीतल्या दीना कताबी, श्रीकांत कंदुला आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की टीसीपीचा डेटा सलग येत नाही, झुबक्यांनी येतो. दोन झुबक्यांमधली फट वाटांच्या वेळेतल्या फरकापेक्षा मोठी असेल, तर पुढचा झुबका खुशाल दुसऱ्या वाटेनं पाठवा. खुणेची फ्रेमही नको.

हॅशची भिस्त असते ती संभाषणं पुष्कळ आणि लहान असण्यावर. कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं शिकवणाऱ्या यंत्रसमूहांत नेमकं उलटं असतं: प्रवाह मोजके आणि प्रचंड. दोन प्रवाह एका तारेवर आदळले, की बाकीची महागडी यंत्रं वाट बघत बसतात. म्हणून २०२३ मध्ये स्थापन झालेल्या अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्टियमनं २०२५ च्या आपल्या पहिल्या प्रमाणकात पाकिटं सगळ्या वाटांवर उधळायला परवानगी दिली. क्रम लावण्याचं काम घेणाऱ्याच्या नेटवर्क कार्डाकडे. आयएसडीएनच्या काळात घेतलेला तो रस्ता आता शेकडो गिगाबिटच्या वेगाला वापरला जातोय, कारण त्यासाठी लागणारी मेमरी आणि ताकद आता कार्डातच आहे.

पुढच्या वेळी आपण राउटरकडे वळू. तिथे हाच हॅश एकापुढे एक अशा अनेक राउटरवर सारखाच चालला, तर अर्ध्या वाटा कशा ओस पडतात, ते बघायचंय.