विल्मिंग्टन : बंदर, लोकवस्ती आणि १८९८ चे सत्तांतर

प्रस्तावना :
अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या आग्नेय किनारपट्टीत, केप फिअर नदीच्या काठी विल्मिंग्टन हे शहर वसलेले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १,१५,४५१ होती. या मध्यम आकाराच्या बंदर-शहरात १८९८ मध्ये घडलेली घटना दीर्घकाळ 'वांशिक दंगल' म्हणून ओळखली गेली. ते नाव कितपत यथार्थ होते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बंदराची जडणघडण :
पाइन वृक्षांपासून मिळणारे डांबर, राळ व टर्पेंटाइन यांच्या निर्यातीवर हे बंदर भरभराटीस आले. १८४० मध्ये पूर्ण झालेल्या १६१ मैलांच्या लोहमार्गाने ते वेल्डनशी जोडले गेले. यादवी युद्धात नाकेबंदी चुकविणाऱ्या दक्षिणेच्या जहाजांचा ते प्रमुख आधार होते. जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशर पडला आणि फेब्रुवारीत शहर उत्तरेच्या फौजांच्या हाती गेले. गुलामगिरी संपल्यानंतर येथे कृष्णवर्णीय नागरिक बहुसंख्य होते. त्यांच्यात कारागीर, व्यापारी व लोकप्रतिनिधीही होते.

१८९८ चे सत्तांतर :
नोव्हेंबर १८९८ ची राज्यातील निवडणूक श्वेतवर्णीय वर्चस्ववादी प्रचार करणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली. तथापि नगरपालिकेची निवडणूक त्या वर्षी नव्हतीच. १० नोव्हेंबर रोजी आल्फ्रेड मूर वॉडेल यांच्या नेतृत्वाखालील सशस्त्र जमावाने अलेक्झांडर मॅन्ली यांच्या 'डेली रेकॉर्ड' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे कार्यालय जाळले. अनेक कृष्णवर्णीय ठार झाले. शेकडो लोक दलदलीत व जंगलात लपले. महापौर व नगरसेवकांना राजीनामे देण्यास भाग पाडून वॉडेल त्याच दिवशी महापौर झाले. १९०० च्या राज्यघटना दुरुस्तीने मतदानासाठी साक्षरतेची अट घातली. परिणामी राज्यातील कृष्णवर्णीय मतदार १८९६ मधील सुमारे सव्वा लाखावरून १९०२ पर्यंत सुमारे ६,१०० वर आले.

समारोप :
२००० मध्ये राज्य विधिमंडळाने चौकशी आयोग स्थापन केला. त्याच्या नावातही 'दंगल' हा शब्द होता. मात्र २००६ च्या अहवालाने ही उत्स्फूर्त दंगल नसून पूर्वनियोजित कट होता, असे स्पष्ट केले. २००८ मध्ये शहरात स्मारकही उभे राहिले. दंगल म्हटले की दोष दोन्ही बाजूंना वाटला जातो. सत्तांतर म्हटले की सत्ता कोणी, कोणाकडून आणि कशासाठी हिरावून घेतली, हे विचारावे लागते. विल्मिंग्टनमध्ये हा प्रश्न अधिकृतपणे विचारला जाण्यास एक शतक लागले.