कूळ बॅटरीचे

इंग्रजीतली ‘सबमरीन’ आणि जर्मनांची ‘ऊ-बोट’ ही दोन्ही नावे जागा सांगतात: समुद्राखाली. मराठीतली ‘पाणबुडी’ क्रिया सांगते. ती बुडी मारते, आणि बुडी मारणाऱ्याला केव्हातरी वर यावेच लागते. तळ्यातली टिबुकली असो की मोत्यांसाठी खोल जाणारा पाणबुड्या, सारा हिशेब दमाचा. डिझेल-विद्युत पाणबुडीचा इतिहास सहसा टॉर्पेडो आणि बुडवलेल्या जहाजांच्या यादीतून सांगितला जातो. पण शस्त्र हे तिचे काम झाले, कूळ नव्हे. तिचा मूळपुरुष शोधायचा तर बॅटरीपाशीच जावे लागते.

१८८८ साली स्पेनच्या इसाक पेराल याने निव्वळ बॅटरीवर चालणारी बोट पाण्यात उतरवली. तिच्यात टॉर्पेडोही होता. पण साठवलेली वीज संपली की भर समुद्रात ती पुन्हा भरण्याची सोय नव्हती. ही अडचण जॉन फिलिप हॉलंड या आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या शाळामास्तरांनी सोडवली. १८९७ साली जलावतरण झालेली त्यांची बोट १९०० मध्ये अमेरिकी नौदलाने विकत घेतली. पाण्यावर असताना पेट्रोलचे इंजिन चालवायचे आणि त्यावरच बॅटरी भरून घ्यायची. पाण्याखाली इंजिन बंद करून मोटर चालवायची. इंजिनाला हवा लागते, मोटरला लागत नाही, एवढ्या एका भेदावर सगळी रचना उभी राहिली. मुळशीकरांना हे तत्त्व परके वाटू नये. पावसाळ्यात धरण भरून घ्यायचे आणि भिऱ्याच्या वीजकेंद्राला पाणी सोडून पुढे वर्षभर वीज काढायची, हा व्यवहार तिथे १९२७ पासून चालला आहे. पेट्रोलची वाफ मात्र बंद बोटीत जिवावर बेतणारी, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पेट्रोलच्या जागी डिझेल आले. डिझेल आणि बॅटरीची तेव्हा जमलेली ही जोडी अजून मोडलेली नाही.

पुढचा प्रत्येक टप्पा दम वाढवण्याचाच होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची मुख्य भिस्त असलेली ‘टाइप सात’ बोट पाण्यावर सतरा नॉट वेगाने धावे. पाण्याखाली चार नॉटने जेमतेम ऐंशी सागरी मैल गेली की बॅटरी रिकामी. खरे तर ते गरजेपुरती बुडी मारणारे जहाजच होते. मग डच नौदलातल्या कल्पनेवरून स्नॉर्केल आला: बोट पाण्याखाली ठेवून फक्त एक नळी वर काढायची आणि इंजिन चालवायचे. लाट नळीच्या तोंडावर आली की झडप मिटते, इंजिन बोटीतलीच हवा ओढू लागते आणि आतल्यांच्या कानांना दडे बसतात. युद्धाच्या अखेरीस आलेल्या ‘टाइप एकवीस’मध्ये बॅटरी कित्येक पटींनी वाढवली आणि सांगाडा पाणी कापेल असा घडवला. ही बोट पाण्यावरच्यापेक्षा पाण्याखाली जास्त वेगाने जाई. आजच्या पाणबुडीचा घाट इथून आला.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये हे कूळ मोजून पाहता येते. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ १९९२ मध्ये तिथूनच नौदलात गेली. तिचा आराखडा जर्मन. २०१७ ची ‘कलवरी’ आणि शिवछत्रपतींच्या जलदुर्गाचे नाव मिरवणारी २०१९ ची ‘खांदेरी’ फ्रेंच आराखड्याच्या. कलवरीत बॅटरीचे ३६० घट आहेत, प्रत्येक ७५० किलोचा. म्हणजे २७० टन, बोटीच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा. तिच्यात अठरा शस्त्रे मावतात. एकेक टॉर्पेडो दीड टनाचा धरला तरी सगळे मिळून तीस टनही भरत नाहीत. बोट कशाभोवती बांधली आहे, हे वजनकाटाच सांगतो.

कोणी म्हणेल, महिनोन्‌महिने वर न येणारी अणुपाणबुडी असताना हा दमेकरी कारभार कशाला? पण अणुभट्टी मनात येईल तेव्हा बंद करता येत नाही. तिची यंत्रे काही ना काही कुरकुरतच राहतात. बॅटरीवरची बोट जवळजवळ निःशब्द होते, आकाराने लहान असते आणि मुंबई-गुजरातसमोरच्या उथळ, रुंद भूखंडमंचावर दबा धरू शकते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ भारतीय युद्धनौका ‘खुकरी’ बुडवून आपले १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक यांचा बळी घेणारी पाकिस्तानची ‘हंगोर’ डिझेल-विद्युतच होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्नॉर्केल वर काढला की बोट रडारवर आणि कानावर दोन्हीकडे उघडी पडते. हे खरेच आहे, आणि त्यावरचा उपाय अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत घडतो आहे. हवेवाचून वीज देणाऱ्या इंधनघटांच्या तिथल्या संचाची जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली. मात्र त्यालाही प्राणवायू बरोबर न्यावा लागतो, आणि नेलेला साठा संपतो. दम लांबतो, संपायचा राहत नाही. ‘पाणबुडी’ या आपल्या शब्दाला खोटे पाडले असेल तर अणुपाणबुडीने; डिझेलवालीला तो आजही चपखल बसतो. कलवरीच्या मालिकेतली सहावी, ‘वाघशीर’, १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत नौदलात दाखल झाली. स्नॉर्केल तिलाही आहे.