चितांबोच्या झाडाखाली शरणपूर

अशोक स्तंभाकडून गंगापूर रोडने सोमेश्वरकडे निघालात, की आज दुतर्फा लॉन्स, दवाखाने आणि बारा-बारा मजली इमारती लागतात. त्यांच्या मागे, गोदावरीच्या काठाला जलालपूर आहे आणि शहराच्या अंगाला शरणपूर. नाशिकचा मराठी ख्रिस्ती माणूस मरणाकडे कसा पाहतो, हे समजून घ्यायचं तर या दोन जागांचा इतिहास वाचावा लागतो. मी शाळेत इतिहास शिकवला. आम्ही आता गंगापूर रोडला राहत असलो तरी आमची माणसं निजली आहेत ती शरणपूरच्याच मातीत.

स्वर्गाकडे डोळे लावणारा माणूस इथल्या जगाला पाठ दाखवतो, असं पुष्कळदा ऐकावं लागतं. मला ते कधी पटलं नाही, कारण शरणपूरची माणसं तशी वागलेली नाहीत.

चर्च मिशनरी सोसायटी नाशिकला आली 1832 मध्ये. पुढे 1854-55 च्या सुमारास तिचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूरची वसाहत उभी केली. बाप्तिस्मा घेतला म्हणून घरादारातून बाहेर पडलेल्यांना तिथे छप्पर मिळालं, हाताला काम मिळालं. 1860 पासून मात्र तिथे वेगळीच मुलं येऊ लागली. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार अरबांची गुलामवाहू गलबतं अडवत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात आणि तिथून त्यांपैकी कित्येकांना नाशिकला पाठवलं जाई. आईबाप कुठे आहेत, आहेत की नाहीत, कोणाला ठाऊक नाही. मूळ नावही मागे पडलेलं. शरणपुरात ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, इंग्रजी लिहा-वाचायला शिकली आणि रविवारी चर्चमध्ये बसून पलीकडच्या घराबद्दल ऐकू लागली. ज्या मुलाचं अलीकडचं घर जाळून टाकलेलं आहे, त्याने ते शब्द कसे ऐकले असतील, याचा विचार मी वर्गात शिकवताना नेहमी करत असे.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. याओ जमातीचा. मिशनरी आणि प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या पोटात शिरले होते, त्यांच्या मदतीला 1872 मध्ये जी तुकडी गेली, तिच्यात नाशिकची ही पोरं होती. 1873 च्या मेच्या आरंभी, आजच्या झांबियातल्या चितांबो या सरदाराच्या गावी, लिव्हिंगस्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत सापडले. सूसी आणि चुमा हे त्यांचे जुने साथीदार. त्यांनी आणि बाकीच्यांनी ठरवलं, की साहेबांना त्यांच्या देशी पोहोचवायचं. हृदय आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून एका झाडाखाली पुरली. त्या वेळी हातात प्रार्थनापुस्तक घेऊन दफनविधी वाचला तो जेकबने. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. बुंध्याचा तो तुकडा आज लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहे.

पुस्तकांत या प्रसंगाचे नायक लिव्हिंगस्टन असतात. माझ्या मते तिथला मोठा माणूस जेकब. जवळ पाळक नाही, बिशप नाही. पुनरुत्थानाची आशा आहे, असं त्या झाडाखाली मोठ्याने म्हणणारा एकच जण होता आणि तो शरणपुरात वाढलेला, एकेकाळी विकला गेलेला मुलगा होता.

मग मीठ लावून उन्हात वाळवलेला तो देह, सालीत आणि कापडात गुंडाळून, सुमारे दीड हजार किलोमीटर किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. वाटेत प्रेत नेणं अशुभ मानलं जाई, म्हणून लपवाछपवी करावी लागली. वाटेत भेटलेले ब्रिटिश आरमारी अधिकारी कॅमेरॉन यांनी देह इथेच पुरा, असा सल्ला दिला. या लोकांनी तो मानला नाही. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीबरोबर मानाने चालणाऱ्यांत जेकब होता.

त्याच ॲबीत 1877 च्या अखेरीस कॅनन एफ. डब्ल्यू. फॅरार यांनी मरणोत्तर शिक्षेवर प्रवचनं दिली. देवाची दया कबरीच्या काठाशी संपत नाही, असा त्यांचा आशय. पुढच्या वर्षी ती ‘इटर्नल होप’ या नावाने छापली गेली आणि इंग्लंडभर वादळ उठलं. हे फॅरार मुंबईत जन्मलेले आणि त्यांचे वडील नाशिकचे मिशनरी! अनंतकाळाविषयीच्या एवढ्या मोठ्या वादाचं एक मूळ आमच्या गावात आहे, हे नाशिककरांना माहीत असायला हवं.

प्राइससाहेब पुढे मोंबासाला गेले. तिथे 1875 मध्ये मुक्त गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसलं. नाशिकचे कितीतरी आफ्रिकी ख्रिस्ती तिकडे गेले आणि पुढच्यांचा आधार झाले. जेकब 1892 मध्ये पूर्व आफ्रिकेतच वारला.

आता जलालपूर. लक्ष्मीबाई टिळक 1868 मध्ये इथल्याच गोखल्यांच्या कडक सोवळ्याच्या घरात जन्मल्या. 1895 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार फाटला. आधी ताटातूट झाली, मग एकत्र राहूनही सोवळं चाललं, आणि 1900 मध्ये बाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक मुंबईत वारले. ख्रिस्ती माणसाला पुरायचं, ही तेव्हाची ठाम रीत असतानाही त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला आणि अस्थी अहमदनगरला नेल्या. देवाला उठवायचंच असेल तर तो राखेतूनही उठवील, एवढा भरवसा असल्याशिवाय कोणी असं मागत नाही. आमच्या आजीच्या पिढीला हे पचायला जड गेलं होतं. मला विचाराल तर टिळकांच्या श्रद्धेचा हाच सर्वांत धीट पुरावा.

ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ दहा अध्याय पुरे आणि अकरावा अर्धा, असं राहिलं होतं. धड शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि चौसष्ट अध्याय रचले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला त्या गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी लिहिला आणि 1938 मध्ये ग्रंथ छापून निघाला. आपल्यामागे कोणीतरी पुरं करील, या विश्वासावर दोघांनी लिहिलं.

आजही आमच्याकडे कोणी गेलं की रात्रभर पेटी-तबल्यावर भजनं होतात, त्यांत टिळकांची असतातच. सकाळी शरणपूरच्या दफनभूमीत पाळकसाहेब प्रार्थना करतात, प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. ईस्टरला उजाडायच्या आधी मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन आम्ही पुन्हा तिथेच जातो.

पण कबरींच्या जुन्या दगडांवरची अक्षरं झिजत चालली आहेत. ज्या घरांत बाप्तिस्म्याचे जुने दाखले, कौटुंबिक बायबलच्या पहिल्या पानावरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शरणपूरचे फोटो असतील, त्यांनी त्यांच्या प्रती काढून चर्चकडे द्याव्यात. आणि नाशिकच्या शिक्षकांनी जेकब वेनराइटचं नाव एकदा तरी फळ्यावर लिहावं.