घातक कचऱ्याचे इष्टतम नियोजन

कारखान्यांतील विषारी, ज्वलनशील वा संक्षारक कचरा कुठे जाळायचा वा पुरायचा आणि कोणत्या रस्त्याने न्यायचा, हे गणिती प्रतिमानाने ठरविण्याची पद्धत. केंद्र उभारायचे की नाही यासाठी ० वा १ किमतीची चले, टनांसाठी सलग चले. केंद्राची क्षमता आणि भारताच्या घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांतील ९० दिवसांची साठवण-मुदत ही बंधने. उद्दिष्टे दोन, एकमेकांना छेद देणारी : खर्च आणि जोखीम, म्हणजे अपघाताची संभाव्यता गुणिले बाधित होऊ शकणारी लोकसंख्या. रेव्हेल, कोहॉन व शोब्रिस यांनी १९९१ मध्ये स्थाननिश्चिती व मार्गनिश्चिती एकाच प्रतिमानात सोडविली.

उदाहरणार्थ, विदर्भाचे घातक कचऱ्याचे सामाईक प्रक्रिया केंद्र नागपूरच्या दक्षिणेस बुटीबोरीला, तर पारशिवनी तालुका उत्तरेस. तेथून केंद्राकडचा सरळ रस्ता नागपूर शहराच्या दाट वस्तीतून जातो. वळशाने डिझेल वाढते. पण इथे माणसे मोजून भागत नाही. पेंच नदीवरील नवेगाव खैरीचा जलाशय नागपूरला पाणी पुरवितो, म्हणून पाणलोटाला प्रतिमानात स्वतंत्र भार द्यायलाच हवा. पारशिवनी तालुक्यातीलच नांदगावच्या राख तलावावरून २०२२ मध्ये पेंचच्या प्रदूषणाचा प्रश्न पेटला. औष्णिक वीजकेंद्रांची राख नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडत नाही. त्यामुळे केवळ नियमांच्या यादीवर बेतलेल्या प्रतिमानातून ती वगळली जाते.