चार्जिंग म्हणजे वीज विकणं नव्हे

आजचा एपिसोड मामांच्या हॉटेलवरून सुचलाय.

सातारा रोडला मामांचं हॉटेल आहे. पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "अरे, आपल्या मीटरची वीज दुसऱ्याला विकणं गुन्हा नाही का?" मी चार्जिंग ॲपचं बिलिंग लिहितो. म्हणजे कोड माझाच, आणि उत्तर मलाच येईना! मग वाचत बसलो.

मामांची भीती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१० साली इंग्रजांनी वीज कायदा केला, तेव्हाही लोकांना वीज पुरवायला सरकारचं लायसन्स लागायचं. २००३ च्या विद्युत कायद्याने वीज बनवणं लायसन्समधून मोकळं केलं, विकणं नाही. कलम १२ म्हणतं, लायसन्सशिवाय वितरण नाही, व्यापारही नाही. आणि व्यापार म्हणजे काय? पुन्हा विकण्यासाठी वीज विकत घेणं. आता सांगा, महावितरणकडून युनिट घेऊन गाडीवाल्याला देणारा चार्जरवाला दुसरं काय करतो?

कायदा करणाऱ्यांचा तरी काय दोष! तेव्हा आपल्याकडे इलेक्ट्रिक कार म्हणजे बंगळुरूची छोटीशी रेवा. बाकी सगळं पेट्रोल-डिझेल.

गाठ सुटली १३ एप्रिल २०१८ ला. ऊर्जा मंत्रालयाने एक स्पष्टीकरण काढलं. त्यातला युक्तिवाद मला जाम आवडला. चार्ज करताना विद्युत ऊर्जेची रासायनिक ऊर्जा होते आणि ती बॅटरीत साठते. म्हणजे वीज वापरली स्टेशनने, गाडीवाल्याला मिळाली ती सेवा. विक्री झालीच नाही, मग लायसन्स कशाला? बारावीची केमिस्ट्री कायद्याच्या कामी आली ती अशी. त्याच डिसेंबरमध्ये मार्गदर्शक सूचना आल्या: स्टेशन कुणीही काढावं, शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात किमान एक, महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक.

यासाठी संसदेत कायदा बदलला नाही हं. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ कोड तसाच, वर एक पॅच. इतका मोठा धंदा एका पत्रावर उभा राहिला, हे मला अजूनही थोडं धाडसाचं वाटतं.

आणि पॅचमधून नवा बग निघालाच. विजेवर जीएसटी नाही, सेवेवर आहे. म्हैसूरच्या चामुंडेश्वरी वीज वितरण कंपनीने हाच प्रश्न कर्नाटकच्या जीएसटी प्राधिकरणापुढे नेला. २०२३ मध्ये उत्तर मिळालं: चार्जिंग ही सेवाच, १८ टक्के भरा.

आता कळलं, आमच्या लीगल टीममधल्या मॅडम डेटाबेसमधल्या 'युनिट्स सोल्ड' या एका कॉलमवरून एवढ्या का भांडल्या होत्या. मी तेव्हा वैतागून नाव बदललं होतं. पण बिलावर 'विक्री' छापणं म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा देणं.

मामांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाइकाने घरी चार्ज केली तर टॅक्स नाही, इथे केली तर अठरा टक्के? वीज तर तीच ना?"

"वीज तीच, मामा. पण तुम्ही वीज विकतच नाही."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चार्जर बसवू. पण बिलावरून भांडण झालं की फोन तुलाच."